या घरात चूल पेटत नाही

"पण हिवाळ्यात तुम्ही खाता तरी काय, माई?"

देसले मास्तरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा नमस्कार करताना, दुसऱ्यांदा पाठीवरची पिशवी उतरवताना आणि आता झोपडीच्या दारात उभं राहून.

रेवामाईंनी काठवटीतल्या पिठात कढत पाणी ओतलं.

"बाजूला सरक," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."

मास्तर सरकले. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना कुणी असं सरकवलं नव्हतं. पंचवीस वर्षं शाळेत खेळ शिकवले होते, गळ्यात शिट्टी होती, आणि सरकायला सांगणारे तेच असत.

धडगावच्या पुढे गाडीरस्ता संपतो. तिथून नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरात दोन तास चाललं, की एका टेकाडावर माईंची झोपडी लागते. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक याच वाटेने पायी जातात. कार्तिकात निघालेली ही माणसं पौषात इथे पोचतात, म्हणजे ऐन कडाक्यात. माई त्यांना गरम भाकरी आणि डाळ वाढतात. अशा अन्नदानाला नदीकाठी सदाव्रत म्हणतात.

आणि माई स्वतः? अठरा वर्षं झाली, त्यांनी विस्तवावरचा घास तोंडात घातलेला नाही.

हेच ऐकून मास्तर आले होते.

त्यांची गोष्ट अशी. पन्नाशीला गुडघे धरले. शिट्टी वाजवायची आणि खुर्चीत बसायचं, एवढाच खेळ उरला. कुणीतरी एका निसर्गोपचाराच्या शिबिराला नेलं. तिथे कळलं, शिजवलेलं सोडा. मास्तरांनी चैत्रात सोडलं आणि श्रावणात ते मैदानाला फेऱ्या मारू लागले.

मग काय, मास्तरांच्या अंगात आलं. शाळेच्या पेंटरला बोलावून त्यांनी घराच्या भिंतीवर हिरव्या रंगात पाटी रंगवून घेतली. 'या घरात चूल पेटत नाही.' खाली स्वतःचं नाव, शिक्षण आणि फोन नंबर. चौकात भाषणं दिली. माणूस आजारी पडला की मास्तर त्याच्या घरी जाऊन आधी स्वयंपाकघराकडे बघायचे.

बायकोला, सिंधूताईंना, विचारायचा प्रश्न आला नाही. त्यांनी शेगडी झाकून माळ्यावर ठेवली आणि काकड्या चिरायला बसल्या. त्या पहिल्यापासून मागून जेवत. त्या काय खातात, किती खातात, हे बघायला मास्तर कधी पानावर थांबले नव्हते.

आता खानदेशात उन्हाळ्यात कच्चं खाणं ही काही तपश्चर्या नाही. टरबूज आहे, काकडी आहे, आंबा आहे. कसोटी लागते ती पौषात.

पहिल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजू लागली की जो वास सुटतो, तो व्रताला विचारून येत नाही. मास्तर दोन भाकरी खाऊन घरी आले आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

दुसरा हिवाळा संक्रांतीला मोडला. तो कसा मोडला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात सिंधूताई साक्रीला भावाकडे गेल्या, त्या अजून आल्या नव्हत्या.

हा तिसरा. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला शिवरात्रीपर्यंत निभावलं नाही तर पाटी स्वतःच्या हाताने पुसेन. लोक हसले होते. मास्तर हसले नव्हते. पाटीचं एक वेळ चाललं असतं, पण पुन्हा मोडलं तर स्वतःच्या शब्दावरचाच विश्वास उडेल, ही त्यांना खरी धास्ती होती. आणि गुडघे पुन्हा धरतील, ही दुसरी.

"बैस," माई म्हणाल्या. "पिशवीत काय आहे?"

"खजूर, शेंगदाणे, तीळ, मटकी."

"गूळ?"

"गूळ उकळून करतात, माई. चालत नाही."

माईंनी मान हलवली. पोरगं अगदीच कच्चं नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि ही वही?"

"कोष्टक आहे. कुठल्या वेळी काय, किती, आणि प्रत्येक घास किती वेळा चावायचा."

"किती वेळा?"

"बत्तीस."

"मोजतोस?"

"मोजतो."

माईंनी गोळा हातावर घेतला. "राहा हवं तितके दिवस. इथे आयतं कुणी बसत नाही. चुलीपाशी काम असतं."

"मी विस्तवाला शिवत नाही."

माईंचा हात थांबला.

"अंघोळ?"

"गार पाण्याने."

"शेकोटी?"

"नाही."

"का रे? विस्तवाने काय घोडं मारलंय तुझं?"

"तसं नाही. नियम म्हणजे नियम. एकदा फट ठेवली की दार उघडतंच."

माईंनी गोळा पुन्हा थापायला घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पाणी आण."

मास्तरांनी पाणी आणलं. ओढा खाली होता, चढ उभा होता. दोन हंडे, चार खेपा. दुपार होता होता वाटेवरून हाक आली, "नर्मदे हर!" पाच परिक्रमावासी आले. पाय धुळीने भरलेले, ओठ फुटलेले. ओळीने बसले.

माई तव्यापाशी बसल्या आणि पहिल्याला म्हणाल्या, "मऊ की कडक?"

"जशी असेल तशी द्या, माई."

"तशी नसते. सांग."

"मग… मऊ."

दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. मऊ हवी त्याची भाकरी तव्यावरून उतरवून लगेच पानात. कडक हवी त्याची निखाऱ्यांपुढे उभी करून, कड खुसखुशीत होईपर्यंत. पाच माणसांना पाच वेळा विचारणं झालं.

मास्तर दाराबाहेरून बघत होते. शाळेत साडेतीनशे पोरांना खिचडी वाटली होती त्यांनी. एक डाव, एक पोरगं, पुढे चला. असं विचारत बसलं असतं तर शाळा सुटेपर्यंत जेवणं उरकली नसती.

"माई, भाकरी ती भाकरी," ते न राहवून म्हणाले. "वेळ जातो."

"जातो," माई म्हणाल्या आणि पुढच्याला विचारलं.

मास्तरांनी आपला मुक्काम पडवीत टाकला, चुलीपासून शक्य तितका लांब. पण एक शंका त्यांना स्वस्थ बसू देईना. ही म्हातारी रोज तीन-चार तास चुलीपुढे बसते. डाळीला फोडणी देते. भाकरीचा चुरा हाताला लागतो. आणि अठरा वर्षं एक कण तोंडात नाही? त्यांनी पाळत ठेवायची ठरवली. गुरू करायचा तर पारखून करावा, असं ते मनाशी म्हणाले. खरं म्हणजे माई चोरून खाताना सापडल्या असत्या तर त्यांना थोडं बरंच वाटलं असतं.

तीन दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. माई सापडल्या नाहीत.

"मीठ तरी चाखत असाल," त्यांनी शेवटी विचारलं.

"हाताला कळतं."

सगळे जेवून वाटेला लागले की माई उन्हात येऊन बसत. वाटीत मोड आलेली मटकी, त्यात कुटलेले तीळ, आल्याचा तुकडा, आवळा, मूठभर शेंगदाणे. कधी रानातली बोरं. डोळे मिटून सावकाश चावत. मास्तर वही काढून लिहून घेत. आलं किती, तीळ किती, आवळा आधी की नंतर. मग तेच सगळं, तेवढंच, आपल्या वाटीत घेत.

अन्न तेच होतं. डोंगरही तोच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी एका सुती लुगड्यात अंगणभर हिंडत होती. आणि चोपन्न वर्षांचे देसले मास्तर दोन स्वेटर, कानटोपी आणि शाल अशा थाटात कुडकुडत होते.

"माझं चुकतंय काय, माई?"

"मटकी कुठे भिजवतोस?"

"बाहेर. दगडावर."

"आत ठेव. चुलीमागच्या ओट्यावर. माझी तिथेच असते."

"धग लागते तिथे."

"शिजत नाही. थंडी उतरते फक्त."

"नियमात बसत नाही."

माईंनी आपली वाटी त्यांच्या हातात दिली. वाटी गरम नव्हती. गारही नव्हती. तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर जसं हायसं वाटतं, तशी होती. मास्तरांनी क्षणभर ती धरली. मग चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

"फट," ते म्हणाले.

माईंनी वाटी उचलली. "घरी कोण असतं?"

"मी."

"आणि?"

"बायको… भावाकडे गेलीय."

"कधी?"

"गेल्या संक्रांतीला."

"संक्रांत आलीच की पुन्हा."

मास्तरांनी शिट्टी मुठीत धरली.

पाचव्या दिवशी सकाळी गवत पांढरं झालेलं दिसलं. पीठ सांडावं तसं. मास्तरांनी वाकून हात लावला. दव गोठलं होतं.

दगडावरच्या मटकीच्या वाटीवर बर्फाचा पापुद्रा आला होता. त्यांनी तो बोटाने फोडला. पहिला घास घेतला आणि दातांतून कळ मस्तकात गेली.

एक, दोन, तीन… ते चावत राहिले. बत्तीस.

दुसरा घास. बत्तीस.

"पडेन, पण मोडणार नाही," ते स्वतःशी म्हणाले. अंगणात शंभर बैठका मारल्या. साठाव्या बैठकीला डावा गुडघा कुरकुरला. शंभर पुऱ्या केल्याच. घाम आला नाही. वहीत नोंद करायला पेन्सिल घेतली, तर ती बोटांतून गळून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तेव्हा मात्र मास्तर घाबरले. हा माणूस हट्टी होता, पण वेडा नव्हता. आज नाही तर उद्या आपण चुलीपाशी जाऊन पडू आणि समोर येईल ते गरम खाऊ, हे त्यांना लख्ख दिसलं. तिसरा हिवाळाही हातचा जात होता.

"नर्मदे हर…" वाटेवरून हाक आली. नेहमीसारखी खणखणीत नव्हती.

नऊ माणसं होती. सगळ्यांत मागे एक म्हातारं जोडपं. म्हाताऱ्याने बायकोला दंडाला धरलं होतं. ती थरथरत होती, तोंडातल्या तोंडात नर्मदेचं नाव चालू होतं, पण दातखिळीतून ते धड बाहेर पडत नव्हतं.

माईंनी तिला चुलीशेजारी बसवलं. अंगावर घोंगडी टाकली. काठवट पुढे ओढली, पिठाचा गोळा घेतला.

मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि बघत राहिल्या. बोटं आखडली होती. मूठ वळेना.

"मास्तर."

"काय, माई?"

"आज हात चालत नाहीत. ये, थाप."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

"माझं व्रत आहे, माई."

"खा म्हटलं का मी?"

"विस्तवाला शिवत नाही मी…"

माईंनी काठवट मास्तरांच्या बाजूला वळवली आणि जरा सरकून बसल्या. चुलीपुढे एका माणसाची जागा झाली.

मास्तर उंबऱ्यात उभे होते. आत नऊ भुकेली माणसं होती. बाहेर पांढरं गवत होतं, गोठलेली मटकी होती. म्हातारी घोंगडीतून त्यांच्याकडे बघत होती. तिला यांचं व्रत माहीत नव्हतं, पाटी माहीत नव्हती. हा माणूस दारात का उभा आहे, एवढंच तिला कळत नव्हतं.

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली. खुंटीला टांगली. आत आले आणि चुलीपुढे मांडी घालून बसले.

पहिली भाकरी हातावरच फाटली. दुसरी तव्यावर जाताना दुमडली. तिसरीला आकार आला, पण कसला, ते सांगता येत नाही. परिक्रमावाल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरांनी वळून पाहिलं, तर सगळे एकदम गप्प. शाळेची सवय कामी आली.

"पाणी कमी पडलं," माई म्हणाल्या. "कडेने थाप. मध्ये दाबू नकोस."

चौथी भाकरी तव्यावर पडली आणि फुगली. मास्तर तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती त्यांच्या तालमीतून जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडली गेली होती. त्यांनी ती झटकन म्हातारीच्या पानात टाकली.

"विचारलंस?" माई म्हणाल्या.

"काय?"

"मऊ की कडक."

मास्तर वळले. "आजी… मऊ की कडक?"

"मऊ दे रे बाबा. दात कुठे राहिलेत?"

तिने डाळीत तुकडा बुडवला. तोंडात घातला आणि डोळे मिटले. हळूहळू तिची थरथर थांबली.

"एवढी वाट चालून आलो," ती म्हणाली. "ज्याने जे दिलं ते माथ्याला लावून खाल्लं. पण कशी हवी, हे आजच कुणी विचारलं."

मास्तरांनी पुढचा गोळा घेतला.

"तुम्हाला, काका?"

"कडक."

"तुम्हाला?"

तीन तास चालू होतं. नऊ जण जेवले. वाटेसाठी त्यांच्या झोळ्यांत कडक भाकऱ्या बांधून दिल्या. तेवढ्यात आणखी चौघे आले. मास्तरांनी शाल काढली. मग एक स्वेटर काढला. मग दुसरा. कानांमागून घाम ओघळू लागला. भाजलेल्या ज्वारीचा वास नाकातोंडात भरला होता. भरिताच्या रात्री याच वासाने त्यांना पाडलं होतं. आज तो वास चार बोटांवर होता आणि खावं असं एकदाही मनात आलं नाही. समोरचा माणूस काय म्हणतो, मऊ की कडक, तिकडे सगळं लक्ष होतं.

शेवटचा माणूस वाटेला लागला तेव्हा मास्तरांनी आपले हात पाहिले. बोटं लाल झाली होती. त्यांनी मूठ वळून पाहिली. वळली. पडवीत पडलेली पेन्सिल उचलली, ती हातात राहिली.

"जेव आता," माई म्हणाल्या.

मास्तर बाहेर दगडाकडे निघाले.

"तिकडे नको."

माईंनी चुलीमागच्या ओट्यावरून एक वाटी काढली. मग तिच्या मागची दुसरी.

"दोन?"

"दोनच भिजवते. तू आलास त्या दिवसापासून."

"पण मी तर खात नव्हतो."

"परिक्रमावाले खायचे तुझा वाटा. आज तूच आहेस."

मास्तरांनी वाटी घेतली. या खेपेला खाली ठेवली नाही. दोघं उन्हात जाऊन बसली. मटकी शिजलेली नव्हती. मोड दाताखाली करकरत होते, आल्याचा तिखटपणा घशात उतरत होता. घास पोटात गेला आणि तिथे ऊब धरून राहिला. अर्धी वाटी संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण मोजलंच नाही.

मास्तरांनी वाटीतला शेवटचा घास घेतला.

"माई, गेल्या संक्रांतीला मला हिव भरलं होतं."

माई चावत होत्या.

"अंगावर चार गोधड्या होत्या, तरी खाट हलत होती. सिंधूने, बायकोने… शेजारणीच्या चुलीवर ज्वारीची पेज केली. पितळी पेल्यात घालून पदराखाली झाकून आणली. कुणी बघू नये म्हणून. बाहेर पाटी होती ना."

"मग?"

"मी प्यायलो. सगळी प्यायलो. पेला चाटून प्यायलो, माई. आणि सकाळी ताप उतरल्यावर तिला म्हणालो, तू माझं व्रत मोडलंस."

ओढ्याकडून वारा आला. मास्तरांना त्याची जाणीवही झाली नाही.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. पेला धुतला. मी माळ्यावरची शेगडी काढून भाच्याला देऊन टाकली. ती बघत होती. मग म्हणाली, कच्चं खायला माझी ना नाही, पण या घरात थंडी वाजते मला… संध्याकाळच्या गाडीने गेली."

मास्तरांचा आवाज फुटला. साडेतीनशे पोरांना एका दमात गप्प करणारा तो आवाज होता. त्यांनी तो सावरायचा प्रयत्न केला नाही. वाटी मांडीवर ठेवली आणि रडून घेतलं. माईंनीही त्यांना रडू दिलं.

नाक पुसून झाल्यावर मास्तर ताठ बसले.

"माई, माझं ठरलं. व्रत मी सोडणार नाही."

"सोड म्हटलंच नाही कुणी."

"शिवरात्रीपर्यंत इथेच राहतो. भाकऱ्या मी थापतो, तुम्ही हात शेका. इथे टिकतंय माझं व्रत. आज पहिल्यांदा टिकलं."

माई उठल्या. आत गेल्या. मास्तरांना वाटलं, गुरूने ठेवून घेतलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मास्तरांची पिशवी होती. ती त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली. मग पुन्हा आत जाऊन एका फडक्यात ज्वारीचं पीठ घेतलं. चार-पाच भाकऱ्यांपुरतं. गाठ मारली आणि पिशवीत घातलं.

"हे काय, माई? मी पीठ खात नाही."

"ठाऊक आहे."

"मला घालवताय?"

माईंनी खुंटीवरची शिट्टीही आणली. तीही पिशवीत टाकली.

मास्तर पिशवीकडे बघत राहिले. साक्रीची गाडी धडगावहून थेट नव्हती, बदलून जावं लागणार होतं. आत्ता निघालं तर उजेडात धडगाव गाठता आलं असतं. त्यांनी मनातल्या मनात वाट आखली, आणि आखून झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की आपण जायचं ठरवलंय.

त्यांनी माईंच्या पायावर डोकं ठेवलं. पिशवी खांद्याला लावली.

"जातो साक्रीला. हात जोडून आणतो तिला. भाच्याकडून शेगडी परत मागून घेतो. हसेल, हसू दे. ती पाटी पुसतो. खाणार मात्र मी हेच. शिवरात्रीपर्यंत, आणि तिच्या पुढेही. बघाच तुम्ही."

माईंनी मान डोलावली.

मास्तर दहा पावलं उतरले आणि थांबले. वही काढून पानं चाळली. मटकी होती, तीळ होते, आलं होतं, आवळा आधी होता. सगळं लिहिलेलं होतं, आणि तरी काहीतरी राहून गेलं असं वाटत होतं. ते वळून पुन्हा चढून आले.

"माई, शेवटचं विचारतो. घरी तुमची चूल नाही, ही वाट नाही, माणसं नाहीत. मी आणि सिंधू, दोघंच. तिथे हिवाळा निभवायचा तर मी नेमकं काय करू? लिहून घेतो."

त्यांनी पेन्सिल टेकवली.

माई काठवट घासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तुझ्या सिंधूला भाकरी कशी लागते रे मास्तर… मऊ, की कडक?"